हाडांचे अभिनंदन

शेलार, भिवंडी
१२ जून २०२२

प्रिय विनी,

अनेक आशीर्वाद. पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळं ठीक आहे. माझे अकरा मिनिटांचे व्हॉइस मेसेज तू ऐकत नाहीस आणि फोन केला की ‘पेशंट आहे दादा’ म्हणतेस, हे तुझ्या वहिनीनं मला समजावून सांगितलं. कागद कोणी मध्येच बंद करत नाही, म्हणून लिहायला बसलो.

विषय भाविकचा. तुझा भाचा तेरा वर्षांचा झाला आणि पाच फूट आठ इंच झाला. मिशी आली आहे. आवाज असा फुटलाय की कुरियरवाला त्यालाच शेठ समजून सही मागतो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. ह्याचे पाय पाळण्याच्या बाहेर दिसायचे, तुला आठवत असेल.

मी चौदा वर्षांखालच्या पोरांचा फुटबॉल संघ काढलाय, शेलार टायगर्स. तालुक्याच्या लीगमध्ये नऊ सामन्यांत भाविकचे एकतीस गोल आहेत. तो बॉल घेतो आणि सरळ चालायला लागतो, मधली पोरं आपोआप बाजूला होतात. गेल्या रविवारी समोरचा गोलकीपर गोल सोडून आपल्या आईकडे गेला.

संघ निवडायची पद्धत माझी स्वतःची. आपल्या शाळेचे पी.टी.चे रघू सर आता रिटायर झालेत, त्यांना कोच ठेवलंय. ते म्हणत होते, पोरांना महिनाभर खेळवून बघू. मी म्हटलं, सर, एक ट्रक भरायला महिना लावला असता तर मी गोदामवाला झालो नसतो. आमच्या गोदामाला माल चढवायचा ओटा आहे, चार फुटांचा. पोराला ओट्याशेजारी उभा करायचा. खांदा ओट्याच्या वर गेला तर संघात, खाली राहिला तर घरी. अर्ध्या तासात काम झालं.

एकाच पोरावरून सरांनी तोंड वाकडं केलं. आपला हमाल नामा, त्याचा बारक्या. अंबाडीच्या अलीकडच्या पाड्यावरून बापाबरोबर गोदामाच्या टेम्पोत येतो. नावाप्रमाणेच आहे. बॉल त्याच्या पायाला चिकटतो हे खरं, पण खांदा ओट्याच्या चार बोटं खाली. नियम तो नियम.

तू कोल्हापुरात खेळाडूंची फिजिओथेरपिस्ट. तिथे घराघरात फुटबॉल, तालमींचेसुद्धा फुटबॉलचे संघ. एखाद्या मोठ्या तालमीच्या संघाकडे भाविकसाठी शब्द टाक. फोटो सोबत जोडलाय, मिशी नीट दिसेल असा.

तुझा,
हिरामणदादा

---

कोल्हापूर
२४ जून २०२२

दादा,

नमस्कार. तुझं पत्र शेवटपर्यंत वाचलं, कारण त्याला दुप्पट वेगानं पळवायचं बटण नव्हतं.

भाविक मोठा आहे एवढं मला कळलं. तो चांगला खेळतो का, हे तुझ्या पत्रात कुठे सापडलं नाही. राग मानू नकोस, रोज हेच काम करते म्हणून सांगते. मुलं एका वर्षी जन्मली म्हणून एका वर्षी वाढत नाहीत. एकाच बाकावर एकाचं शरीर अकरा वर्षांचं आणि शेजारच्याचं पंधराचं असतं. ज्याची वाढ लवकर होते त्याला उंची, ताकद, वेग हे सगळं एकदम मिळतं आणि दोन वर्षं तो राजा असतो. मग बाकीचे वाढतात. उशिरा वाढणारा पोरगा तोवर डोक्यानं आणि पायानं वाट काढायला शिकलेला असतो, त्याला दुसरा इलाजच नसतो. आणि एक दिवस त्यालाही उंची येते.

सहावीत तू मला शिडी म्हणायचास. त्या वर्षी लांब उडीत मी जिल्ह्यात पहिली आले आणि बाबांनी अख्ख्या शेलारला पेढे वाटले. आठवीत माझ्या मैत्रिणी वाढल्या आणि मी पाचवी आले. बाबा मैदानावर आलेच नाहीत. माझ्या हातून काहीतरी चुकलं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मी काही केलं नव्हतं, जिंकताना नाही आणि हरतानाही नाही.

म्हणून मला गोलांची काळजी नाही. दोन वर्षांनी बाकीची पोरं त्याच्याएवढी होतील, तेव्हा भाविक मैदानावर राहील का, आणि त्याला बघायला तू येशील का, ही काळजी आहे.

आता कामाचं. हाडांची वाढ कुठवर आली ते कळायला डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. तो काढून मला कळव. ते ना बक्षीस असतं ना गुन्हा, नुसती माहिती असते. सरावात भाविकला धक्का न मारता खेळायला लाव, पास द्यायला शिकव. जोड्या लावताना जन्मतारखेबरोबर शरीरही बघ. त्या बारक्याला घे. ओट्याचं माप ट्रकसाठी राहू दे.

आणि दादा, एवढ्या मोठ्या पत्रात भाविक एकदाही बोलला नाही.

विनिता

---

शेलार
२० जुलै २०२२

प्रिय विनी,

तुझ्या तोंडात साखर पडो. एक्स-रे काढला. रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहून आलंय, भाविकची हाडं साडेपंधरा वर्षांची आहेत. मी डॉक्टरला दोनदा विचारलं, पोरगा तर तेरा वर्षं पाच महिन्यांचा आहे. ते म्हणाले, हो, दोन वर्षं पुढे आहे. विनी, आपल्या खानदानात कोणी कशात दोन वर्षं पुढे गेलेलं नाही. मी स्वतः दहावीत दोन वर्षं मागे होतो.

नाक्यावर तीस बाय दहाचा बॅनर लावलाय. मजकूर माझाच: ‘वय तेरा, हाडे साडेपंधरा. शेलारचा वाघ भाविकशेठ यांच्या हाडांचे हार्दिक अभिनंदन.’ मधोमध एक्स-रेचा पंजा, आशीर्वाद दिल्यासारखा. खाली शुभेच्छुक म्हणून सोळा फोटो, उजवीकडून तिसरी तू.

भाविक काही बोलत नाही असं तू लिहिलंस. त्याला बॅनरखाली हार घालून उभा करत होतो तर म्हणाला, ‘पप्पा, सगळे माझा हात बघतायत. मला नाय आवडत.’ घे, बोलला. लाजाळू आहे, दुसरं काही नाही.

तुझा सल्लाही पाळला. शरीर बघून जोड्या लाव म्हणालीस, म्हणून ओट्यावरच्या खांबाला दोन इंच वर नवी खूण केली. आता संघात सगळे जोडीचे उंच. बारक्याचं पुढच्या वर्षी बघू, तो काही पळून जात नाही.

गुडघ्याखाली दुखतं असं भाविक म्हणतो. अकलोलीच्या गरम कुंडात तासभर बसवून आणला. पाण्यातून निघाला तेव्हा अजून वाढल्यासारखा वाटला.

तालमीचं काय झालं?

दादा

---

कोल्हापूर
२६ जुलै २०२२

दादा,

बॅनर उतरव. आज उतरव, हे पत्र हातात असतानाच माणूस पाठव.

तू पेपर फोडलास आणि पेढे वाटलेस, असं झालंय. लीग चौदा वर्षांखालची. रिपोर्ट वाचता न येणारा कोणीही म्हणेल की बापानंच कबूल केलं, पोरगा साडेपंधराचा आहे. हाडांचं वय म्हणजे वाढीचा टप्पा, ती जन्मतारीख नव्हे. पण बॅनरवर एवढं कोण वाचतं?

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. हाडं पुढे आहेत म्हणजे वाढ लवकर संपणार. भाविकची उंची अजून एखाद-दीड इंच वाढेल, फार तर. तो मोठा होणार नाहीये दादा, तो मोठा झालाय. आता जे वाढायचं ते खेळात वाढायला हवं.

गुडघ्यासाठी कुंड नको, तीन आठवडे विश्रांती दे. आणि माझा फोटो काढून टाक.

विनिता

---

शेलार
१८ ऑगस्ट २०२२

विनी,

तुझं पत्र वेळेवर आलं होतं. मीच म्हटलं, एवढे पैसे घातलेत तर बॅनर गोपाळकाल्यापर्यंत राहू दे.

अंबाडीच्या संघाचा मालक दिनेश. आमच्याकडून सात गोल खाल्ल्यापासून तो मला ओळख दाखवत नव्हता. त्यानं बॅनरचा फोटो काढून लीगच्या समितीपुढे ठेवला. म्हणाला, ‘मी काय न्हाय बोलत. बापच बोलतोय, तीस बाय दहामधी.’ समितीनं भाविकला बाहेर बसवलं. मी जन्माचा दाखला नेला. तो मी शाळेत घालायच्या वेळी काढलेला, चार वर्षं उशिरा. तेव्हा गोदामाच्या बांधकामात गुंतलो होतो, पोराचा कागद राहून गेला. समिती म्हणते, उशिरा काढलेल्या दाखल्यावर आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवत नाही, जन्माच्या वेळचा काही पुरावा आणा. ज्या दवाखान्यात तो झाला तिथे आता मोबाईलचं दुकान आहे. त्या वेळचे फोटो माझ्या जुन्या फोनमध्ये होते, तो फोन खाडीत पडला.

पोरं भाविकला ‘काका’ म्हणतात. चार दिवस तो मैदानाकडे फिरकला नाही. काल मिशी काढायला माझा वस्तरा घेतला आणि ओठ कापून घेतला. मला बघवत नाही.

तू एवढंच कर. हाडं साडेतेराची आहेत असं तुझ्या कागदावर लिहून दे. दोनच वर्षांचा तर प्रश्न आहे.

दादा

---

कोल्हापूर
२३ ऑगस्ट २०२२

दादा,

खोटं लिहून देणार नाही, आणि लिहिलं तरी नाक्यावरच्या पंज्यापुढे ते कोणी वाचणार नाही.

पण एक आठवलं. भाविकच्या बारशाला तू बॅनर लावला होतास. तेव्हा गावात ते नवीन होतं, लोक पाळणा सोडून बॅनर बघत होते. त्यावर बारशाची तारीख होती, मधे पाळण्यातला फोटो होता, आणि कोपऱ्यात मी, तोंड उघडं ठेवून. त्या फोटोवरून मी आठवडाभर तुझ्याशी बोलत नव्हते. तो शोध. आयुष्यभर बॅनर लावलेस, एखादा तरी उपयोगी पडू दे.

उतरवलेले बॅनर जातात कुठे?

विनिता

---

शेलार
११ सप्टेंबर २०२२

प्रिय विनी,

उतरवलेले बॅनर पाड्यावर जातात. उतरवले की लगेच आपले हमाल मागून नेतात, कोणी छपरावर टाकतो, कोणी लाकडांवर. मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं मी दान करतो.

नामाला विचारलं तर म्हणाला, ‘शेठ, तो तर आमच्याच घरात हाय.’ गेलो त्याच्याबरोबर. कुडाचं घर, आत भाताची कणगी, आणि कणगीवर घडी करून झाकलेला बॅनर. नामाच्या बायकोनं, कमळानं, उलगडून दाखवला. ऊन लागलं नाही म्हणून रंग टिकलाय. ‘चि. भाविक यांचा नामकरण सोहळा, २८ फेब्रुवारी २००९.’ तुझं तोंड अजून उघडंच आहे.

मी विचारलं, हा नक्की तेव्हापासून तुमच्याकडे आहे? कमळा म्हणाली, ‘ह्यो आला तवा बारक्या पोटात व्हता. दोन म्हयन्यांनी झाला.’ बारक्या दारात उभा होता. विनी, मी त्याला बघितलं आणि भाविकला आठवलं. दोन महिन्यांचा फरक. एक माझा वस्तरा घेतो आणि दुसऱ्याचा खांदा माझ्या कोपराला लागतो. तू दोन पत्रांत लिहिलेलं मला कणगीपाशी कळलं.

बॅनर नेऊ का म्हटलं. ती म्हणाली, ‘न्या की. तुमच्या पोराचं तोंड तेरा वरसं माज्या घरात हाय. माज्या पोराला तुमच्या वट्यापाशी जागा न्हाय, त्याचं काय न्हाय. पन भात झाकाया दुसरा द्या.’ ती रागानं बोलली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती साधं बोलली. मी मान डोलावली आणि बॅनर खांद्यावर टाकून खाली आलो. लाज वाटली, लपवत नाही.

समितीनं बॅनर जमिनीवर पसरून बघितला. त्यांच्यातले एकजण त्या बारशाला जेवून गेले होते, त्यांना जिलेबीसुद्धा आठवली. भाविक परत आत आला. रघू सरांनी माझ्यादेखत ओट्यावरची खूण पुसली आणि बारक्याला जर्सी दिली. ती त्याच्या गुडघ्यापर्यंत येते. मी गप्प राहिलो, ह्याची नोंद घे.

दादा

---

शेलार
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. पप्पा तुला वर्षभर पत्र का लिहीत नाहीत ते त्यांना विचारू नकोस, मी सांगतो.

मी पाच फूट साडेनऊ आहे आणि वर्षभर तेवढाच आहे. तू लिहिलं होतंस तसंच झालं. सगळी पोरं माझ्याएवढी झाली. अंबाडीचा गोलकीपर, जो आईकडे पळाला होता, तो आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि मला बघून हसतो. गेल्या सीझनला सोळा वर्षांखालच्यात माझे तीन गोल. पप्पा आधी म्हणाले बूट बदल, मग म्हणाले दूध वाढव, मग म्हणाले सर लक्ष देत नाहीत. मग मैदानावर यायचेच बंद झाले. गोदामात काम आहे म्हणतात. नाक्यावर माझा वाढदिवसाचा बॅनर ह्या वर्षी लागला नाही. मला बॅनर नको होता, पण लागला नाही ते कळलं.

बारक्या एका वर्षात पाच इंच वाढला. जर्सी आता बरोबर बसते. तो आधीच चांगला होता, आता त्याला कोणी ढकलूही शकत नाही. रघू सरांनी मला मधल्या फळीत घेतलंय. पहिल्यांदा रडू आलं, कारण सरळ चालायला जागाच नसते. पण बारक्या मला शिकवतो. तो म्हणतो, ‘तू माणसाला बघतोस. माणूस बघू नको, रिकामी जागा बघ.’ लहान होता तेव्हापासून तो तेच बघत आला. आता मलाही थोडी दिसायला लागली आहे. आत्या, मला हे गोलापेक्षा जास्त आवडतं.

रविवारी २० तारखेला फायनल आहे, अंबाडीशीच. पप्पांनी यावं असं मला वाटतं. गोल करेन असं सांगून बोलवलं तर येतील, पण तसं सांगायचं नाहीये.

अजून एक. पप्पांनी कमळाकाकूंना भात झाकायला द्यायचं कबूल केलं होतं, ते दोन वर्षं झाली अजून दिलं नाही. बारक्या काही म्हणत नाही, मलाच लाज वाटते.

तुझा,
भाविक

---

कोल्हापूर
११ ऑक्टोबर २०२४

दादा,

आठवीत मी पाचवी आले त्या दिवशी मैदानावर बाबांची खुर्ची रिकामी होती. मी उडी मारायच्या आधी तीनदा तिकडे बघितलं. तुला हे कधी सांगितलं नव्हतं.

वीस तारखेला जा.

विनिता

---

शेलार
२१ ऑक्टोबर २०२४

प्रिय विनी,

तुझं पत्र एवढं लहान होतं की दोनदा पाकिटात हात घालून बघितलं.

खरं सांगतो. मला भाविकचा राग नव्हता. मी नाक्यावर पोराची हाडं टांगली होती, आता लोक विचारतात, वाघ कसा आहे. काय सांगायचं? तोंड लपवायला गोदाम बरं पडतं. बाबाही तेव्हा असंच कुठेतरी बसले असतील.

काल गेलो. आधी पाड्यावर गेलो, टेम्पोत हाडांचा बॅनर टाकून. एवढी वर्षं पोटमाळ्यावर जपून ठेवला होता, फेकवत नव्हता. कमळाकडे दिला. म्हटलं, उशीर झाला. ती उलगडून बघत म्हणाली, ‘मोठा हाय. घरावर बी बसंल.’ मग पंज्यावर हात फिरवून म्हणाली, ‘ह्यो कोनाचा हात? हाडं उरलीत नुसती, पोराला खायाला घाला.’ मी आणि नामा तिथून मैदानावर गेलो.

विनी, मला फुटबॉल कळत नाही, हे मला काल कळलं. अर्धा वेळ मी भाविक गोल कधी मारतो ते बघत होतो, तो गोलाच्या जवळपासही जात नव्हता. बॉल आला की मान वर करायचा, बघायचा, कोणाला तरी द्यायचा. एकदा त्यानं माझ्या खुर्चीकडेही बघितलं. मी हात वर केला.

शेवटची पाच मिनिटं राहिली होती, एक-एक बरोबरी. भाविकनं बॉल असा लांब टाकला की तिथे कोणीच नव्हतं. मी ओरडणार होतो, अरे कोणाला देतोस. तेवढ्यात तिथे बारक्या पोचला. दिनेशचा तो उंच गोलकीपर पुढे आला आणि बारक्यानं त्याच्या पायांमधून बॉल आत घातला.

मी उभा राहून टाळ्या वाजवत होतो. नामा म्हणाला, ‘शेठ, गोल माझ्या पोराचा हाय.’ मी म्हटलं, ‘पास माझ्याचा हाय.’

समितीच्या वहीत गोलापुढे बारक्याचं नाव लिहिलं. बरोबर आहे, ते त्याचंच. पास कोणी दिला ते लिहायला त्या वहीत रकाना नाही, मी वही उघडून बघितली. आणि भाविकनं बॅनर लावायचा नाही अशी शपथ घातली आहे. म्हणून तुला लिहितोय. कुठेतरी लिहिलेलं असू दे.

तुझा,
दादा